मातीतील द्विपुच्छ जीव: बेळगाव सीमाभागातील डिप्लुरांचे वर्णन आणि वर्गीकरण

खानापूर, जांबोटी आणि कणकुंबीच्या परिसरात पावसाळा ओसरू लागला, की ओल्या पालापाचोळ्याचा थर बाजूला केल्यावर किंवा जमिनीत अर्धवट रुतलेला जांभा दगड उलटवल्यावर काही मिलिमीटर लांबीचा, पांढरट, डोळे नसलेला आणि मागच्या टोकाला दोन शेपट्या असलेला एक जीव क्षणभर दिसतो आणि उजेड टाळत मातीच्या फटीत शिरतो. प्राणिशास्त्रात या गटाला डिप्लुरा म्हणतात. हे नाव कार्ल ब्योर्नर यांनी १९०४ मध्ये दिले. या गटातील काही जीव त्याआधीच, म्हणजे कॅम्पोडिया ही प्रजाती १८४२ मध्ये वेस्टवूड यांच्याकडून आणि जॅपिक्स ही प्रजाती १८६४ मध्ये हॅलिडे यांच्याकडून, वर्णिली गेली होती. जगभरातून आजवर सुमारे ८०० ते १००० जातींचे वर्णन झाले आहे. झुरळ, फुलपाखरू किंवा भुंगा यांच्या अभ्यासाशी तुलना करता हा आकडा फारच लहान आहे, आणि त्यावरूनच या कामात अजून किती वाव आहे हे लक्षात यावे.

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि आपल्या शेतातील मातीकडे कुतूहलाने पाहणारे जाणकार शेतकरी यांच्यासाठी हे लेखन आहे. यात प्रजाती हा शब्द अनेक जातींच्या समूहासाठी आणि जाती हा शब्द त्यातील एका प्रकारासाठी वापरला आहे. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: वर्णन पूर्ण होईपर्यंत नाव देऊ नये, आणि हातातल्या नमुन्याची अवस्था जिथपर्यंत साथ देते तिथपर्यंतच नाव द्यावे. नीट वर्णन केलेला पण केवळ कुळापर्यंत ओळखलेला नमुना पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो. घाईने जातीचे नाव चिकटवलेला नमुना मात्र त्याला अनेक वर्षे चुकीच्या वाटेने नेऊ शकतो.

हा डिप्लुराच आहे का?

पहिली परीक्षा भिंगानेही होते. पायांच्या तीनच जोड्या, डोळ्यांचा पूर्ण अभाव, पंखांचा अभाव, मण्यांच्या माळेसारख्या लांब शृंगिका आणि शरीराच्या शेवटी दोनच पुच्छिका ही पाच लक्षणे एकत्र दिसली पाहिजेत. यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली आणखी चार गोष्टी तपासाव्यात. जबडे बाहेरून दिसत नाहीत, कारण ते डोक्याच्या आतील पोकळीत सामावलेले असतात. पायाचा शेवटचा भाग एकाच खंडाचा असतो. उदराचे दहा खंड असतात. उदराच्या खालच्या बाजूस बहुतेक खंडांवर लहान, काट्यासारख्या उपांगांच्या जोड्या असतात, ज्यांना स्टायलस म्हणतात, आणि काही खंडांवर त्यांच्याजवळ बाहेर काढता येणाऱ्या नाजूक पिशव्या असतात. जबडे आत असण्याच्या या लक्षणामुळे उडीपुच्छ (स्प्रिंगटेल) आणि शृंगिकाहीन प्रोट्युरा यांच्यासह डिप्लुरांना पूर्वी एकाच गटात ठेवले जात असे. आज बहुतेक अभ्यासक त्यांना षट्पाद प्राण्यांमध्ये, पण खऱ्या कीटकांच्या बाहेर ठेवतात. त्यांचे कीटकांशी नेमके नाते काय, याविषयीची चर्चा अजून संपलेली नाही.

गोंधळ करणारे सोबती बरेच आहेत. सर्वांत जास्त फसवतो तो सिम्फायला. तोही पांढरा, आंधळा, चपळ असतो आणि त्याच्याही मागे दोन टोके असतात; परंतु प्रौढ सिम्फायलाला पायांच्या बारा जोड्या असतात आणि पिल्लालाही तीनपेक्षा जास्त असतात, म्हणून पाय मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरातल्या जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या चंदेरी कसरीला मागे तीन तंतू असतात आणि डोळेही असतात. चिमटा असलेला एखादा जीव सापडला तर कानकिड्याची शक्यता तपासावी: कानकिड्याला मोठे संयुक्त डोळे असतात, त्याच्या पायाच्या टोकाचा भाग तीन खंडांचा असतो, आणि बहुधा पाठीवर आखूड कडक पंखावरणे दिसतात. काही भुंग्यांच्या अळ्यांनाही शेवटी दोन उपांगे असतात. मात्र त्यांचे जबडे पुढे आलेले स्पष्ट दिसतात आणि उदराखाली स्टायलस नसतात. माझ्या मते शंकेच्या वेळी निर्णायक ठरतो तो उदराचा खालचा भाग, म्हणून नमुना उलटा करून पाहण्याची सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी.

कुठे आणि केव्हा शोधावे

बेळगाव आणि त्याच्या शेजारचे सीमाभाग मातीच्या दृष्टीने विलक्षण विविध आहेत. पश्चिमेला खानापूर तालुका, चोर्ला घाटाचा माथा, आणि पुढे उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातील जोयडा व हल्याळ या पट्ट्यात जांभा खडक, तांबडी माती, दाट जंगल आणि भरपूर पाऊस आहे. पूर्वेला अथणी, रायबाग आणि सौंदत्तीकडे काळी माती आहे, जी उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि जिथे पाऊस फारच कमी पडतो. गोकाकच्या आसपास वालुकाश्म आणि क्वार्टझाइटचे खडक आहेत. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू आणि उसाची शेते आहेत, आणि खानापूरकडे भाताची खाचरे आहेत. एवढ्या लहान अंतरात ओलावा आणि मातीची पोत इतकी बदलत असल्यामुळे, एकाच दिवशी एकाच पद्धतीने तीन-चार ठिकाणांहून घेतलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहता येतात, आणि ही सोय प्रत्येक प्रदेशाला मिळत नाही.

डिप्लुरांचे कवच पातळ असते आणि कोरडेपणा त्यांना सहन होत नाही. म्हणून उन्हाळ्यात ते जमिनीत खोल जातात आणि पावसानंतर वरच्या थरात येतात. ऐन पावसाळ्यात चिखल आणि पाणी साठल्याने मातीच्या पोकळ्या बुजतात आणि शोध अवघड होतो. पश्चिम भागात सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा मानावा. काळ्या मातीत उसाचे सतत ओलिताखाली असलेले वाफे, विहिरीच्या थाळ्याजवळची ओल आणि शेणखताच्या ढिगाखालची जमीन येथे कोरड्या हंगामातही आशा ठेवता येते. देवराईतील पाचोळा उत्तम असतो. मात्र तेथे गावच्या पुजाऱ्यांची आणि पंचांची परवानगी घेऊन, थोडीच माती उचलून, खड्डा बुजवून यावे.

खानापूर तालुक्यातील भीमगड हे अभयारण्य आहे, आणि तेथून मूठभर माती किंवा एकही जीव वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून उचलू नये. याच अभयारण्यातील बारापेडे गुहा रॉटन यांच्या मुक्तपुच्छ वटवाघळासाठी प्रसिद्ध आहे. जगाच्या अनेक गुहांत विशेष लांब शृंगिकांचे आणि लांब पायांचे कॅम्पोडिइडी (धाग्यासारख्या लांब पुच्छिकांचे डिप्लुरांचे एक कुळ) राहतात, त्यामुळे गुहेचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु दुर्मीळ वटवाघळांच्या वस्तीला त्रास देऊन केलेला संग्रह कोणत्याही शास्त्रीय कारणाने समर्थनीय ठरत नाही. सुरुवात करणाऱ्याने शेताचा बांध, घरामागची परसबाग आणि महाविद्यालयाचे आवार एवढ्यावर पहिली दोन वर्षे काढावीत.

माती आणणे आणि जीव वेगळे करणे

मोठे, चिमट्यासारख्या पुच्छिकांचे जॅपिजिड (जॅपिजिडी कुळातील डिप्लुरा) हाताने शोधलेले बरे, कारण ते पुढे सांगितलेल्या, मंदगतीने वाळणाऱ्या फनेलमध्ये अनेकदा वाटेतच मरतात. पांढऱ्या ट्रेमध्ये माती पसरावी, ढेकळे बोटांनी अलगद फोडावीत आणि जीव दिसताच अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने उचलावा. चिमट्याने पकडल्यास शृंगिका आणि पुच्छिका तुटतात, आणि कॅम्पोडिइडीच्या बाबतीत तर त्या इतक्या सहज तुटतात की पूर्ण नमुना मिळणे हेच यश समजावे.

पाचोळ्यासाठी बर्लेसे-टुलग्रेन फनेल वापरावे, ज्यात दिव्याच्या उष्णतेने वाळणाऱ्या थरातून जीव खालच्या बाटलीत उतरतात. १९०५ मध्ये बर्लेसे यांनी फनेलची कल्पना मांडली आणि १९१८ मध्ये टुलग्रेन यांनी उष्णतेसाठी विजेचा दिवा वापरला. पाण्याच्या वीस लिटरच्या जुन्या कॅनचा वरचा भाग कापून उलटा ठेवला की घरगुती फनेल तयार होते. आत सुमारे दोन मिलिमीटर भोकांची जाळी, तिच्यावर पाचोळ्याचा चार-पाच सेंटिमीटर जाडीचा थर, खाली ७० ते ७५ टक्के अल्कोहोलची बाटली आणि वर २५ ते ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तंतूचा दिवा, एवढेच साहित्य लागते. एलईडी दिवा पुरेशी उष्णता देत नाही, म्हणून तो टाळावा. मातीचा गोळा ठेवायचा असेल, तर जमिनीत वर असलेली बाजू खाली करून ठेवावा, म्हणजे जीवांना आपल्याच जुन्या पोकळ्यांतून खाली उतरता येते. दिवा पहिल्या दिवशी दूर ठेवून रोज थोडा जवळ आणावा. एकदम तापवल्यास वरचा थर कडक होतो आणि आतले जीव अडकून पडतात. तीन ते सात दिवस लागतात.

काळ्या चिकणमातीसाठी फनेल जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ती वाळताना विटेसारखी घट्ट होते. तेथे तरंगवण्याची पद्धत वापरावी. माती बादलीत पाण्यात काही तास भिजत घालावी, हळूहळू ढवळावी आणि पृष्ठभागावर तरंगणारे जीव कुंचल्याने उचलावेत. डिप्लुरांच्या कवचाला पाणी चिकटत नसल्यामुळे ते सहसा वर येतात. अथणी-रायबागकडच्या अभ्यासकांनी या पद्धतीवर जास्त भिस्त ठेवावी.

नमुना मारण्याआधी जिवंत जीवाकडे काही मिनिटे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. अल्कोहोलमध्ये गेल्यावर रंग नाहीसा होतो, पोटातल्या अन्नाची छटा मावळते आणि वागणूक तर कायमचीच हरवते. कॅम्पोडिइडी शृंगिका सतत हलवत वेगाने धावतात आणि प्रामुख्याने बुरशी, सडका पाला व बारीक जीव खातात. जॅपिजिडी शिकारी असतात, आणि त्यांच्या शेवटच्या खंडांचा पिवळसर-तपकिरी रंग जिवंतपणीच नीट दिसतो. अंडी किंवा पिल्लांजवळ बसलेली जॅपिजिड मादी सापडली तर तिला उचलू नये. ती आपल्या अंड्यांची राखण करते, आणि जागा, खोली व अंड्यांची संख्या यांची नोंद तिच्या नमुन्याइतकीच मोलाची असते.

साठवण आणि चिठ्ठी

आकारशास्त्रासाठी ७० ते ७५ टक्के अल्कोहोल आणि डीएनएसाठी ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोल वापरावे, आणि दुसऱ्या प्रकारच्या कुप्या शक्य तितक्या थंड ठेवाव्यात. एकाच ठिकाणचे पुष्कळ नमुने असतील तर दोन्हींत विभागावेत.

चिठ्ठी कुपीच्या आत असावी, बाहेर चिकटवलेली नको, आणि ती पेन्सिलीने किंवा अल्कोहोलने न विरघळणाऱ्या शाईने लिहावी. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, मातीचा प्रकार, खोली, पद्धत, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव हे सगळे तिच्यावर हवे. तारखेतील महिना रोमन अंकांत लिहिण्याची संग्रहालयांची पद्धत आहे, कारण त्याने दिवस आणि महिना यांची अदलाबदल टळते.

सीमाभागात गावाच्या नावाची विशेष काळजी घ्यावी लागते. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी झाले; त्याआधीच्या इंग्रजी चिठ्ठ्यांवर ते वेगळ्या वर्णरचनेत आढळते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि त्या पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हणून एखाद्या जुन्या कुपीवर चंदगड आणि बेळगाव जिल्हा असे एकत्र लिहिलेले असेल, तर ते ठिकाण आज कोल्हापूर जिल्ह्यात शोधावे लागते. शिवाय एकाच गावाचे मराठी, कन्नड आणि इंग्रजी रूप निरनिराळे असते. अक्षांश-रेखांश हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. त्याच्याबरोबर स्थानिक उच्चारातील नाव आणि अधिकृत नाव दोन्ही लिहावीत.

स्लाइड तयार करणे

कुळापर्यंत ओळख वीस ते चाळीसपट विशालन देणाऱ्या साध्या द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाने होते. त्यापुढे चारशे ते हजारपट विशालन आणि शक्य असल्यास फेज कॉन्ट्रास्टची (पारदर्शक भाग उठून दाखवणारी) सोय लागते, कारण निर्णायक लक्षणे केसांच्या जागा आणि आकार यांत असतात.

नमुना प्रथम लॅक्टिक आम्लात कोमट जागी काही तास ते एक दिवस ठेवून पारदर्शक करावा. जॅपिजिडीचे कवच थोडे जाड असल्याने पोटाच्या बाजूला अतिबारीक सुईने छिद्र पाडल्यास आम्ल आत नीट जाते. नंतर पाण्यात धुऊन होयर माध्यमात बसवावा. पन्नास मिलिलिटर पाणी, तीस ग्रॅम बाभळीचा डिंक, दोनशे ग्रॅम क्लोरल हायड्रेट आणि वीस ग्रॅम ग्लिसरीन असे त्याचे प्रमाण आहे. क्लोरल हायड्रेट विषारी आहे आणि ते केवळ प्रयोगशाळेत, जबाबदार शिक्षकाच्या देखरेखीखाली वापरावे. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी खोलगट स्लाइडवर लॅक्टिक आम्ल किंवा ग्लिसरीनमध्ये तात्पुरता नमुना ठेवून निरीक्षण आणि चित्रे करावीत आणि मग नमुना पुन्हा अल्कोहोलमध्ये परत न्यावा. विद्यार्थ्यांसाठी मला ही दुसरी वाटच अधिक योग्य वाटते, कारण तिच्यात नमुना वळवून दोन्ही बाजूंनी पाहता येतो.

वरच्या पातळ काचपट्टीने (कव्हरस्लिपने) नमुना चेपू नये म्हणून कडेला फुटलेल्या काचपट्टीचे बारीक तुकडे ठेवावेत. एकाच ठिकाणचे चार-पाच कॅम्पोडिइडी असतील तर काही पाठीवर आणि काही पोटावर बसवावेत. जॅपिजिडीचे डोके आणि चिमट्यासह शेवटचे खंड वेगळे करून त्याच स्लाइडवर वेगवेगळ्या काचपट्ट्यांखाली ठेवण्याची पद्धत आहे. स्लाइड चाळीस ते पंचेचाळीस अंश तापमानात काही आठवडे वाळवून कडेने नेलपॉलिशसारख्या लेपाने बंद करावी. डिंक-क्लोरलच्या स्लाइड अनेक दशकांनंतर खराब होऊ शकतात, म्हणून प्रत्येक मालिकेतील काही नमुने अल्कोहोलमध्येच राखून ठेवावेत.

वर्णन कोणत्या क्रमाने लिहावे

वर्णन नेहमी एकाच क्रमाने लिहावे, म्हणजे दोन नमुन्यांची तुलना करताना काही सुटत नाही. शरीराची लांबी डोक्याच्या पुढच्या टोकापासून पुच्छिकांच्या मुळापर्यंत मोजावी. शृंगिका आणि पुच्छिका तिच्यात धरू नयेत. त्यांची लांबी वेगळी लिहून शरीराशी असलेले प्रमाण द्यावे. सूक्ष्मदर्शकाची मोजपट्टी एक मिलिमीटरचे शंभर भाग असलेल्या प्रमाण-स्लाइडवरून तपासून घ्यावी, आणि चित्रात किती पट मोठे केले ते लिहिण्याऐवजी प्रमाणरेषा काढावी, कारण छपाईत चित्र लहानमोठे झाले तरी रेषा खरीच राहते.

शृंगिकांचे मणी डावीकडचे आणि उजवीकडचे वेगवेगळे मोजून दोन्ही आकडे लिहावेत. कॅम्पोडिइडी तुटलेल्या शृंगिका, पाय आणि पुच्छिका पुन्हा वाढवू शकतात, आणि नव्याने वाढलेल्या शृंगिकेत मण्यांची संख्या वेगळी असू शकते. म्हणून दोन्ही बाजूंत फरक आढळला तर तो चुकीचा समजून सरासरी काढू नये. तसाच नोंदवावा आणि अवयव पुन्हा वाढलेला असल्याची शंका स्पष्ट लिहावी. शृंगिकेच्या सुरुवातीच्या काही मण्यांवर लांब, अतिसंवेदनशील केस असतात: कॅम्पोडिइडीत तिसऱ्या ते सहाव्या मण्यावर आणि जॅपिजिडीत चौथ्या ते सहाव्या मण्यावर. पॅराजॅपिजिडीत हे केस नसतात. शेवटच्या मण्यावरील वाटीच्या आकाराचे संवेदी अंग, त्यातील ग्राहक केसांची संख्या आणि त्यांचा आकार हेही कॅम्पोडिइडीत महत्त्वाचे आहे.

यानंतर वक्षाच्या पाठीवरचे जाड केस येतात, आणि कॅम्पोडिइडीच्या वर्गीकरणाचा कणा हाच आहे. वक्षाच्या तीन खंडांपैकी प्रत्येकाच्या पाठीवर मध्य-पुढचे, बाजू-पुढचे आणि बाजू-मागचे असे तीन प्रकारचे मोठे केस असतात किंवा नसतात. ते जोड्यांत मोजतात, म्हणजे एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन असतील तर ३+३ असे लिहितात. पहिल्या खंडावर ३+३, दुसऱ्यावर ३+३ आणि तिसऱ्यावर २+२ अशी नोंद झाली, तर तिसऱ्या खंडावर कोणता प्रकार गैरहजर आहे हेही नावानिशी लिहिले पाहिजे. नुसत्या आकड्याने पुढच्या अभ्यासकाला काहीच कळत नाही. केस पडलेला असला तरी त्याच्या मुळाची गोल खूण कवचावर राहते, त्यामुळे केस गैरहजर लिहिण्याआधी ती खूण शोधावी. पूर्ण नसलेला केस आणि तुटलेला केस यांतला हा फरक काळजीने पाहिला, तर अर्ध्याहून अधिक चुकीची नावे टळतात असे मला वाटते. केस साधे आहेत, काटेरी आहेत की पिसासारखे आहेत, आणि ते मागच्या कडेच्या केसांच्या तुलनेत किती लांब आहेत, याचे चित्र काढावे. शब्दांत हे सांगणे कठीण जाते.

पायांबाबत नखांची समानता किंवा असमानता, नखांवरील कंगोरे, आणि नखांच्या बाजूचे केस सडपातळ आहेत की पात्यासारखे चपटे, हे पाहावे. उदराच्या पाठीवर कोणत्या खंडापासून मोठे केस सुरू होतात ते लिहावे. पोटाच्या बाजूच्या पहिल्या खंडावर कॅम्पोडिइडीत स्टायलसऐवजी वेगळ्या घडणीची उपांगे असतात, आणि नरांमध्ये त्यांवर व खंडाच्या मागच्या कडेवर ग्रंथियुक्त केसांचे पट्टे असू शकतात. त्यांची संख्या आणि रांगा मोजाव्यात. जॅपिजिडीत याच पहिल्या खंडावरील कडेची ग्रंथि-अंगे, त्यांची रुंदी, त्यांवरील केसांचे दोन प्रकार आणि मध्यावरील ग्रंथि-अंग हे प्रजाती आणि जाती ठरवण्यासाठी पाहिलेच पाहिजेत. सातव्या खंडाच्या मागच्या कोपऱ्यांचा आकारही टिपावा.

शेवटी पुच्छिका. कॅम्पोडिइडीत त्या लांब, अनेक खंडांच्या आणि धाग्यासारख्या असतात. पूर्ण असल्यास प्रत्येक खंडाची लांबी आणि केसांची रचना लिहावी, आणि तुटलेल्या असतील तर तसे लिहून पुढे जावे. जॅपिजिडीत चिमट्याची डावी आणि उजवी भुजा बहुधा सारखी नसते. म्हणून दोन्ही भुजा वेगवेगळ्या वर्णाव्यात: मोठा दात कोणत्या जागी आहे, त्याच्या आधी आणि नंतर लहान गाठी किती आणि किती रांगांत आहेत, टोक कसे वळले आहे.

प्रत्येक वर्णनाबरोबर लिंग आणि अवस्था लिहावी. जननांगाचा उंचवटा आठव्या खंडाच्या मागे असतो. डिप्लुरा प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात आणि काही दोन-तीन वर्षे जगतात. पिल्लांमध्ये मात्र केसांचा पूर्ण संच आलेला नसतो. पिल्लावरून जातीचे वर्णन करणे म्हणूनच योग्य नाही.

कुळ ठरवणे

आता वर्गीकरणाकडे वळता येते, आणि चांगले वर्णन झाले असेल तर हे काम फारसे लांबत नाही. पुच्छिका धाग्यासारख्या लांब असतील तर नमुना बहुतेक कॅम्पोडिइडीचा असतो. त्यात स्टायलस दुसऱ्या ते सातव्या खंडावर असतात आणि श्वासरंध्रे फक्त वक्षावर, तीन जोड्या. अंगावर खवले असतील तर लेपिडोकॅम्पा या प्रजातीची शक्यता पाहावी. आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत दूरवर पसरलेल्या लेपिडोकॅम्पा वेबेरी या जातीचे वर्णन औडेमान्स यांनी १८९० मध्ये केले. खवले हाताळताना गळू शकतात, त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणून नव्हतेच असे मानू नये.

पुच्छिका चिमट्याच्या असतील आणि स्टायलस पहिल्या खंडापासून सुरू होत असतील, तर शृंगिका आणि श्वासरंध्रे पाहावीत. श्वासरंध्रांच्या अकरा जोड्या, शृंगिकेवर लांब संवेदी केस आणि खालच्या ओठाला स्पर्शक असतील तर नमुना जॅपिजिडीचा आहे. नऊ जोड्या, संवेदी केस नाहीत, स्पर्शक नाहीत, शृंगिकेचे मणी अठरा-वीसच्या आसपास आणि लांबी दोन ते चार मिलिमीटर असेल, तर तो पॅराजॅपिजिडी असतो. आकाराने लहान म्हणून पॅराजॅपिजिडी हे जॅपिजिडीचे पिल्लू समजले जाण्याचा धोका नेहमीचा आहे. पुच्छिका आखूड, काही खंडांच्या आणि टोकाला ग्रंथीचे छिद्र असलेल्या असतील, तर प्रोजॅपिजिडी किंवा त्याच्या जवळचे कुळ असू शकते. असा नमुना उष्ण कटिबंधात मिळू शकतो. तो मिळाला तर पुढे काहीही न करता अनुभवी वर्गीकरणतज्ज्ञाशी संपर्क साधावा.

प्रजातीपर्यंत जाताना प्रकाशित किल्ल्या, म्हणजे लक्षणांच्या दोन-दोन पर्यायांतून नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, वापराव्यात. पण त्या बहुतेक युरोप आणि अमेरिकेतील नमुन्यांवर आधारित आहेत, हे विसरू नये. किल्लीतील दोन पर्यायांपैकी एकही बसत नसेल, तर जवळचा पर्याय निवडण्याऐवजी तेथेच थांबून ‘प्रजाती अनिश्चित, जाती १’ अशी नोंद करावी आणि पुढच्या वेगळ्या नमुन्याला ‘जाती २’ म्हणावे. डीएनएचा आधार घ्यायचा असेल तर सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा भाग वापरतात, आणि मोठ्या नमुन्याचा एक पाय त्यासाठी पुरेसा होतो. उरलेला नमुना मात्र त्याच क्रमांकाने जपून ठेवला पाहिजे, नाहीतर त्या अनुक्रमाला शरीरच उरत नाही.

नवी जाती असल्याचे वाटले तर

नवीन जातीचे नाव आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार द्यावे लागते. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे, आणि त्यानुसार नव्या जातीसाठी मूळ प्रकार-नमुना (जातीचे नाव ज्याला जोडले जाते तो नमुना) स्पष्टपणे निश्चित करून तो कोठे ठेवला हे लिहिणे बंधनकारक आहे. २०१२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशनही ग्राह्य धरले जाते. मात्र ते झूबँकमध्ये (प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंदवलेले असले पाहिजे. भारतातील जैविक विविधता कायदा, २००२ हाही नवीन गटाची माहिती नियुक्त संग्रहसंस्थेला देऊन नमुना तेथे जमा करण्यास सांगतो. १९१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था कोलकात्यात आहे आणि तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. सीमाभागातील अभ्यासकाला पुण्याचे केंद्र जवळचे पडते.

जमा करताना मूळ प्रकार-नमुन्याबरोबर शक्य तितके प्रकार-सहनमुने (वर्णनासाठी वापरलेले त्याच जातीचे इतर नमुने) द्यावेत, त्यांत नर आणि मादी दोन्ही असावेत, आणि स्लाइडबरोबर अल्कोहोलमधील नमुनेही असावेत. कुपीतील चिठ्ठी, वहीतील नोंद, चित्रे आणि डीएनएचा क्रमांक या सर्वांवर एकच नमुना-क्रमांक असल्याची खात्री पाठवण्याआधी दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने ताडून, करून घ्यावी. कुपी अल्कोहोलने काठोकाठ भराव्यात, बुच पॅराफिनच्या पट्टीने बंद करावे, आणि स्लाइड आडव्या ठेवूनच न्याव्यात.